गाई-म्हशींचं क्लोनिंग: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

पशुपालक, पशुवैद्यकाचे विद्यार्थी आणि नुसत्या कुतूहलापोटी विचारणारे वाचक यांच्याकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेच प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून त्यांना क्रमांक दिले आहेत. उत्तरात 'प्रश्न ७ पाहा' असं लिहिलं असेल तर तिथे डोकवा, तीच गोष्ट दोनदा सांगत नाही.

१. क्लोन म्हणजे हुबेहूब तीच गाय ना?

तीच गाय नव्हे, तिची उशिरा जन्मलेली जुळी बहीण. एकाच बीजापासून झालेली जुळी वासरं जशी असतात तसं हे नातं. फरक इतकाच की इथे दोघींच्या वयात पाच-दहा वर्षांचं अंतर असतं, त्या वेगळ्या पोटात वाढतात आणि वेगळ्या गोठ्यात राहतात. 'माझी मेलेली गाय परत मिळेल का' असा प्रश्न आला की मी हेच सांगतो. गाय परत येत नाही, तिची बहीण येते.

२. केंद्रक स्थानांतरण हा शब्द सारखा दिसतो. त्यात नेमकं करतात काय?

एका मादीचं पक्व बीजांड घेतात आणि त्यातलं आनुवंशिक द्रव्य काढून टाकतात. उरतो तो रिकामा गोळा. ज्या जनावराची प्रत हवी, त्याच्या कातडीची वगैरे एक साधी पेशी या गोळ्याला चिकटवून विजेच्या सूक्ष्म झटक्याने दोन्ही एकजीव करतात. एरवी शुक्रजंतू आत शिरला की बीजांडाला 'आता कामाला लाग' असा इशारा मिळतो. इथे शुक्रजंतूच नसल्यामुळे तो इशारा रसायनं देऊन द्यावा लागतो. पुढे सात-आठ दिवस इन्क्युबेटरमध्ये वाढवलेला भ्रूण माजाचे दिवस जुळलेल्या दुसऱ्या गाईच्या किंवा म्हशीच्या गर्भाशयात सोडतात. त्यानंतर नेहमीसारखी वाट पाहायची: गाईला नऊ महिने, म्हशीला दहा महिन्यांहून थोडं अधिक.

३. डॉली मेंढीचं एवढं कौतुक का झालं? त्याआधी क्लोन नव्हते का?

होते. १९८०च्या दशकात स्टीन विलाडसेन यांनी केंब्रिजमध्ये मेंढ्यांचे क्लोन केले होते, पण अगदी कोवळ्या भ्रूणाच्या पेशी वापरून. भ्रूण कोवळा असताना त्यातून जन्मणारं जनावर दूध किती देणार हे कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे त्याची प्रत काढून पशुपालकाच्या पदरात फारसं काही पडत नाही.

स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांच्या चमूने सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली. ५ जुलै १९९६ला डॉली जन्मली. पूर्ण वाढलेल्या, गुण सिद्ध झालेल्या जनावराचीही प्रत निघू शकते हे तिच्यामुळे कळलं. आकडेही लक्षात ठेवा: २७७ जोडण्या, त्यातून २९ भ्रूण, ते सोडले १३ मेंढ्यांमध्ये आणि कोकरू झालं एक. तेव्हापासून सगळी खटपट हे प्रमाण सुधारण्यासाठीच चालली आहे.

४. कर्नालवाल्यांनी 'हाताने' क्लोन केला म्हणतात. हाताने म्हणजे कसा?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जुन्या पद्धतीत मायक्रोमॅनिप्युलेटर नावाचं महागडं यंत्र लागतं. एका बाजूने काचेच्या बारीक नळीने बीजांड धरायचं, दुसऱ्या बाजूने त्याहून बारीक सुईने केंद्रकद्रव्य ओढून काढायचं. त्यातून गाई-म्हशींचं बीजांड चरबीच्या थेंबांमुळे काळपट दिसतं, आतलं द्रव्य कुठे आहे ते कळत नाही. मग रंगद्रव्य घालून अतिनील प्रकाशात बघावं लागतं आणि त्या प्रकाशाने बीजांडालाच इजा होऊ शकते.

गाबोर वायता या हंगेरियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१च्या सुमारास निराळी वाट काढली. बीजांडाभोवतीचं जाड पारदर्शक कवच विकराने (एन्झाइमने) विरघळवून टाकायचं. कवच गेल्यावर, योग्य वेळ साधली तर, केंद्रकद्रव्य जिथे असतं तिथे बीजांडाला एक छोटा उंचवटा येतो. साध्या स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली, हातात धरलेल्या बारीक पात्याने तो उंचवटा कापून काढायचा. कापताना बीजांडाचा काही भाग वाया जातो, म्हणून अशा दोन रिकाम्या तुकड्यांच्या मधे एक दाता पेशी (ज्याची प्रत हवी त्या जनावराची) ठेवायची आणि तिघांना विजेच्या झटक्याने एकत्र करायचं. आपल्याकडच्या सँडविचसारखंच.

यंत्राचा खर्च वाचतो, पण हात मात्र तयार हवा. महिनोन् महिने कापण्याचा सराव केल्याशिवाय काही हाती लागत नाही.

कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने हीच पद्धत म्हशीसाठी बसवली. ६ फेब्रुवारी २००९ला तिथे हाताच्या पद्धतीने क्लोन केलेलं जगातलं पहिलं रेडकू जन्मलं. ते काही दिवसांतच फुप्फुसाच्या संसर्गाने गेलं. त्याच वर्षी ६ जूनला गरिमा जन्मली, ती दोन वर्षांहून थोडी जास्त जगली. ऑगस्ट २०१०मध्ये गरिमा-२ झाली, तिच्यासाठी भ्रूणाच्या मूलपेशी वापरल्या होत्या. २५ जानेवारी २०१३ला तिने नेहमीच्या रेतनातून महिमा या पारडीला जन्म दिला. माझ्या लेखी गरिमापेक्षा महिमाची बातमी मोठी, कारण क्लोन म्हैस गाभण राहते, विते आणि दूध देते हे तेव्हा सिद्ध झालं.

५. कवच काढून टाकलं तर भ्रूण विस्कटत नाही का?

विस्कटू शकतो, शिवाय शेजारच्या भ्रूणाला चिकटतोही. म्हणून प्रयोगशाळेच्या ताटलीत तळाला बारीक खड्डे करतात आणि प्रत्येक खड्ड्यात एकच भ्रूण ठेवतात. आप्पेपात्र डोळ्यांसमोर आणा. या खड्ड्यांचा आणखी एक फायदा दिसला: भ्रूणाने सोडलेले पोषक स्राव त्याच्या आसपासच राहतात. ब्लास्टोसिस्ट अवस्थेला, म्हणजे सात-आठ दिवसांच्या पोकळ गोळ्याच्या रूपाला, पोचल्यावर भ्रूण घट्ट होतो, मग गर्भाशयात सोडताना कवचाची तशी गरज उरत नाही.

६. म्हशीचे इतके क्लोन झाले, देशी गाईचा एवढा उशिरा का?

विज्ञानापेक्षा बीजांडांच्या पुरवठ्यामुळे. प्रयोगाला शेकडो बीजांडं लागतात. म्हशीची बीजांडाशयं कत्तलखान्यातून मिळतात. बर्फाच्या पेटीतून नव्हे हं, कोमट सलाइनमध्ये घालून काही तासांत ती प्रयोगशाळेत आणतात. देशी गाईंच्या बाबतीत बहुतेक राज्यांत कायद्यानेच ही वाट बंद आहे. मग जिवंत गाईच्या बीजांडाशयातून अल्ट्रासाउंडच्या मदतीने, योनिमार्गातून सुई घालून बीजांडं ओढून घ्यावी लागतात. यात गाईला इजा होत नाही, पण एका वेळी हाती लागतात ती मोजकीच.

कर्नालला १६ मार्च २०२३ला जन्मलेली 'गंगा' ही गीर कालवड याच वाटेने आली. जन्मताना तिचं वजन ३२ किलो होतं. दाता पेशी गीर गाईच्या शेपटीतून घेतली होती, बीजांडं अशी सुईने काढलेली. सुईने बीजांडं काढण्याचं हे तंत्र टेस्ट ट्यूब वासरांसाठीही वापरतात, त्यामुळे त्यावर घेतलेली मेहनत क्लोनिंग बाजूला ठेवलं तरी फुकट जात नाही.

७. दाता पेशी कुठूनही घेतली तर चालते का? आणि ती 'उपाशी' का ठेवतात?

कान किंवा शेपटीखालच्या कातडीचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवल्या की वर्षानुवर्षं राहतात. गर्भातल्या पेशी, बीजांडाभोवतीच्या पेशी, दुधात किंवा वीर्यात सापडणाऱ्या पेशी, सगळ्या वापरून झाल्या आहेत. कातडीची सोय सर्वांत जास्त, म्हणून तीच अधिक चालते.

उपाशी ठेवण्याचं कारण असं. वाढणारी पेशी विभागण्याआधी आपल्या डीएनएची दुप्पट प्रत करते. अशी दुप्पट झालेली पेशी बीजांडात घातली तर गुणसूत्रांचा हिशोब चुकतो. म्हणून पोषणद्रवातलं सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरणारा द्रव) कमी करून पेशीला काही दिवस निवांत, न विभागणाऱ्या अवस्थेत ठेवतात. पेशींची ताटली पूर्ण भरू दिली तरी दाटीमुळे त्या विभागायच्या थांबतात. डॉलीच्या यशात कॅम्पबेल यांच्या या विचाराचा वाटा फार मोठा होता.

८. एवढं तंत्र येऊनही यश इतकं कमी का?

हात कमी पडतात म्हणून नाही. आज चांगल्या प्रयोगशाळेत जोडलेल्या बीजांडांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात. गळती पुढे होते. गर्भाशयात सोडलेल्या शंभर भ्रूणांमागे जिवंत वासरं साधारण पाच ते दहाच. गाभण राहिलेल्या कित्येक गाई पहिल्या दोन-तीन महिन्यांत गाभडतात, काही तर शेवटच्या महिन्यांत.

खरी अडचण आहे पेशीच्या आठवणीची. कातडीच्या पेशीत अख्ख्या जनावराची माहिती असते, पण कातडीला नको असलेली पानं तिने रासायनिक खुणा करून मिटून ठेवलेली असतात. बीजांडाने त्या खुणा काही तासांत पुसून भ्रूणाचं पान उघडायचं असतं. शुक्रजंतूच्या बाबतीत ही पुसापुशी निसर्गाने बसवून दिली आहे. कातडीच्या पेशीबाबत ती अर्धवट होते. एखादी चुकीची खूण राहून गेली तरी भ्रूण सात दिवस दिसायला झकास असतो आणि चाळीसाव्या दिवशी थांबतो. सूक्ष्मदर्शकाखाली गोंडस दिसणाऱ्या भ्रूणावर म्हणूनच फार भरवसा ठेवू नये.

सर्वांत जास्त फटका बसतो वारेला. गाईची वार गर्भाशयाला शंभरेक ठिकाणी चिकटते. क्लोन गर्भात या चिकटण्याच्या जागा अनेकदा कमी आणि सुजल्यासारख्या मोठ्या असतात. पोट पाण्याने अवाढव्य फुगणं, गाभडणं, अशक्त वासरू, यातलं बरंचसं तिथून सुरू होतं.

९. मग ही 'आठवण पुसायला' नवीन काय निघालंय?

पहिला उपाय औषधांचा. डीएनएचा धागा ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो ती गुंडाळी सैल करणारी द्रव्यं, उदाहरणार्थ ट्रायकोस्टॅटिन ए, जोडणीनंतर काही तास पोषणद्रवात घालतात. उंदरांत याचा फायदा स्पष्ट दिसला. गाई-म्हशींत निकाल कधी चांगला, कधी जेमतेम. मात्रा जास्त झाली तर भ्रूणच मरतो.

दुसरा उपाय जास्त नेमका. २०१४मध्ये यी झांग यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखवलं की दाता पेशीची एका विशिष्ट प्रकारची खूण सर्वांत हट्टी असते. ती पुसणाऱ्या विकराचा आरएनए, म्हणजे ते विकर बनवण्याचा पेशीतला निरोप, बीजांडात टोचला तर यश वाढतं. चीनमध्ये शांघायला झोंग झोंग आणि हुआ हुआ ही क्लोन माकडं झाली ती हाच उपाय आणि ट्रायकोस्टॅटिन मिळून. २०१८मध्ये ती जगासमोर आली. गर्भाच्या पेशी वापरून ७९ भ्रूण २१ माद्यांत सोडले तेव्हा ही दोन जगली. प्रौढ पेशींचे १८१ भ्रूण ४२ माद्यांत सोडूनही जन्मलेली दोन्ही पिल्लं लवकरच गेली. दाता पेशीचं वय किती नडतं ते इथे दिसतं.

तिसरा उपाय वारेवरचा, आणि मला तोच सर्वांत हुशार वाटतो. भ्रूणाच्या आतल्या गोळ्यातून जनावर घडतं आणि बाहेरच्या थरातून वार. शांघायच्याच गटाने ऱ्हीसस माकडात क्लोन भ्रूणाचा आतला गोळा काढून साध्या फलनातून झालेल्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरात बसवला. म्हणजे जनावर क्लोनचं आणि वार सरळमार्गी. असे ११ भ्रूण ७ माद्यांत सोडले आणि एक पिल्लू जन्मलं. २०२४मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा ते दोन वर्षांहून मोठं होतं. गाई-म्हशींचा खरा दुखणारा भागही वारच असल्याने ही वाट गोठ्यापर्यंत यायला हवी, असं मला वाटतं.

१०. क्लोन वासरू फार मोठं होतं आणि सिझेरियनच करावं लागतं, हे खरं का?

गाई-मेंढ्यांत असं होतं, दर वेळी नव्हे. गर्भ वाजवीपेक्षा मोठा होणं हा वारेच्या आणि पेशींच्या खुणांच्या गोंधळाचाच भाग (प्रश्न ८). भ्रूण बाहेर वाढवताना पोषणद्रवात जास्त सीरम असेल तरी हे दिसतं, म्हणजे टेस्ट ट्यूब वासरांतही. म्हणून हल्ली सीरम टाळण्याकडे कल आहे. विण्याची वेळ जवळ आली की अशी गाय डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवतात.

११. क्लोन लवकर म्हातारा होतो ना? डॉली सहाव्या वर्षीच गेली.

डॉलीला १४ फेब्रुवारी २००३ला दयामरण दिलं ते विषाणूमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या गाठीमुळे. हा रोग मेंढ्यांत एरवीही पसरतो. तिच्या गुणसूत्रांची वयाबरोबर झिजत जाणारी टोकं आखूड असल्याचं १९९९मध्ये सापडलं होतं, त्यावरून ही चर्चा पेटली. पण गाईंच्या क्लोनमध्ये ती टोकं नेहमीएवढी, कधी लांबही आढळली. नॉटिंगहॅमला डॉलीच्याच पेशींपासून झालेल्या चार मेंढ्या होत्या. २०१६मध्ये तपासणी झाली तेव्हा त्या वयाच्या मानाने धडधाकट निघाल्या. जे क्लोन पहिले काही महिने तग धरतात, ते पुढे बहुधा सामान्य जनावरासारखेच जगतात. जन्माच्या आसपासचा काळ मात्र नाजूकच असतो.

१२. आमचा खिलार खोंड शंकरपटात नंबर काढायचा. लहानपणीच खच्ची केलाय. आता त्याचा वंश चालेल का?

तत्त्वतः हो, आणि क्लोनिंगचा खरा उपयोग जिथे पटतो अशी ही एक जागा आहे. खच्चीकरण पेशींत नोंदलं जात नाही, क्लोन पूर्ण वळू म्हणूनच जन्मतो. घोड्यांत हे घडून गेलं आहे. पिएराझ हा लांब पल्ल्याच्या शर्यतींचा विजेता अरबी घोडा खच्ची होता. २००५मध्ये इटलीत त्याचा क्लोन झाला तो प्रजननासाठीच.

पण घाई करू नका. शर्यतीतल्या नंबरात रक्ताइतकाच खुराक, सराव आणि हाकणाऱ्याचा वाटा असतो. शिवाय आपल्याकडे हे काम प्रामुख्याने संशोधन संस्थांत चालतं. खोंडाचा सख्खा भाऊ किंवा बाप वळू म्हणून शिल्लक असेल तर आधी त्याचं रेत गोठवून घ्या. पुढच्या खोंडाला खच्ची करण्याआधीही तेच करा.

१३. जनावर मेल्यावर पेशी घेता येतात का?

कातडीचा तुकडा लवकर घेऊन, कोरडा न पडू देता, थंड ठेवून पोचवला तर येतात. त्याला गोठवू मात्र नका. घरच्या फ्रीजरमधला बर्फ पेशी फोडतो. उन्हाळ्यात दिवसभर पडून राहिलेल्या मढ्यातून फारसं काही मिळत नाही.

अमेरिकेत वेस्ट टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने तर खाटीकखान्यात टांगलेल्या, दुर्मीळ दर्जाचं मांस निघालेल्या धडातून पेशी घेऊन 'अल्फा' नावाचा वळू तयार केला. मांसाचा दर्जा जनावर कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापल्यावर वंश संपतो. तो तिढा असा सुटला.

कर्नालला गोठवलेल्या वीर्यात तरंगणाऱ्या साध्या पेशी वेगळ्या करूनही रेड्यांचे क्लोन झाले आहेत, अनेक वर्षांपूर्वी मेलेल्या रेड्याचासुद्धा. शुक्रजंतू इथे चालत नाही, कारण त्यात अर्धीच गुणसूत्रं असतात.

१४. मूळ गाय वीस लिटर द्यायची. क्लोनही वीस देईल?

क्षमता तीच, दूध किती ते गोठा ठरवेल. मूळ गाईला मुरघास आणि सरकी मिळत होती आणि क्लोनला नुसता कडबा, तर वीस कुठून येणार? म्हणून माझं मत असं की दुभत्या गाईचा क्लोन करण्यात पैसा घालू नये. सिद्ध वळूचा किंवा रेड्याचा क्लोन केला तर त्याच्या रेताच्या हजारो कांड्या गावोगाव जातात. हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेने 'एम-२९' या एकाच नामांकित रेड्याचे सात क्लोन केले, ते याच हिशोबाने.

१५. ठिपके वेगळे आले. फसवणूक झाली का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. रंग कोणता ते जनुकं ठरवतात, पण ठिपका नेमका कुठे पडेल हे गर्भात रंगपेशी कशा सरकल्या यावर असतं. २००१मध्ये टेक्सासमध्ये झालेली पहिली क्लोन मांजर मूळ मांजरीपेक्षा रंगाने चांगलीच वेगळी होती. शंका असेल तर दात्याची आणि वासराची डीएनए चाचणी करून घ्या, भांडण मिटेल.

१६. क्लोनचं दूध प्यायलं तर चालतं का? आणि हे जीएमच ना?

जीएम, म्हणजे जनुक बदललेलं, नव्हे. नुसत्या क्लोनिंगमध्ये जनुकात भर किंवा बदल होत नाही. मात्र जनुक बदललेलं जनावर करायला केंद्रक स्थानांतरण सोयीचं पडतं, कारण बदल आधी पेशीत करून, तपासून मग क्लोन करता येतो. रोझलिनची १९९७ची पॉली मेंढी अशीच, तिच्यात मानवी रक्त गोठवणाऱ्या घटकाचं जनुक होतं. दोन्ही गोष्टी एकच समजण्याचा घोळ इथूनच होतो.

दुधाबद्दल: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००८मध्ये गाय, डुक्कर आणि शेळी यांच्या क्लोनचं दूध-मांस नेहमीच्या इतकंच सुरक्षित ठरवलं. मेंढीला त्यातून वगळलं, कारण माहिती अपुरी होती. युरोपात विरोध आहे, पण तो मुख्यतः प्राण्यांच्या हालांवरून. प्रश्न ८ वाचल्यावर तो विरोध अगदीच अनाठायी वाटत नाही.

१७. नोंदवहीत आई म्हणून कोणाचं नाव लिहायचं?

पोटात वाढवणारी गाय आई नव्हे, बीजांड देणारीही नव्हे. दात्याचे आईबाप हेच क्लोनचे आनुवंशिक आईबाप. इटलीत २००३मध्ये जन्मलेलं पहिलं क्लोन शिंगरू, प्रोमेतेआ, जिच्या पेशीपासून झालं तिच्याच पोटात वाढलं. म्हणजे घोडीने आपल्या जुळ्या बहिणीला जन्म दिला! वंशावळीची वही लिहिणाऱ्याची दया येते.

बीजांड देणारीचा वाटा अगदीच शून्य मात्र नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना स्वतःचा थोडा डीएनए असतो आणि क्लोनमध्ये तो बीजांडातूनच येतो. हाताच्या पद्धतीत दोन बीजांडांचे तुकडे वापरतात (प्रश्न ४), त्यामुळे तो दोन म्हशींचा असू शकतो, शिवाय दाता पेशीचा थोडासा. छत्तीसगडच्या रानम्हशीची पेशी घेऊन कर्नालला डिसेंबर २०१४मध्ये 'दीपआशा' जन्मली, तिच्यासाठी बीजांडं पाळीव म्हशींची होती. जात वाचवायची म्हणता तेव्हा एवढी मिसळ चालवून घ्यायची का, यावर जाणकारांत एकमत नाही. माझं मत: शेवटचीच जनावरं उरली असतील तर चालवून घ्यावी.

१८. क्लोनचा क्लोन काढत गेलं तर झेरॉक्ससारखा फिका पडत जाईल का?

हिसारला 'हिसार गौरव' या डिसेंबर २०१५मध्ये जन्मलेल्या क्लोन रेड्याचाही पुन्हा क्लोन झाला आहे. जपानमध्ये तेरुहिको वाकायामा यांच्या गटाने एकाच उंदरापासून सुरुवात करून क्लोनचा क्लोन असं करत २५ पिढ्या नेल्या, एकूण ५८१ उंदीर. २०१३मध्ये ते प्रसिद्ध झालं, तोवर यशाचं प्रमाण घसरलं नव्हतं. दर पिढीत त्यांनी ट्रायकोस्टॅटिन वापरलं होतं (प्रश्न ९). गोठ्यात मात्र मूळ दात्याच्या गोठवलेल्या पेशी शिल्लक असताना क्लोनकडून पेशी घेण्याचं कारण नाही. नायट्रोजनची टाकी वेळेवर भरत जा, म्हणजे झालं.